श्वास ओढायचा नाही, पाहायचा!

रात्रीचे दोन वाजले असावेत. एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेरील बाकावर आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. आत प्रत्येकाचे कोणी ना कोणी होते. प्रस्तुत लेखकाचे वडील होते. करण्यासारखे काहीच उरले नव्हते. औषधे आणून दिली होती, कागदांवर सह्या झाल्या होत्या, नातेवाइकांना दूरध्वनी करून झाले होते. शरीर बाकावर स्वस्थ होते. मन मात्र एका क्षणात स्मशानापर्यंत जाऊन दुसऱ्या क्षणी रुग्णालयाच्या बिलावर येत होते. कोणीतरी कधीतरी सांगितलेले आठवले म्हणून डोळे मिटून मोठमोठे श्वास घेण्यास सुरुवात केली. दोन मिनिटांत डोके हलके झाले, छातीतील धडधड आणखी वाढली.

शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. बराच वेळ ते हे पाहत असावेत. हळूच म्हणाले, "अहो, असा श्वास ओढू नका. तो येतोच आहे. येतो-जातो तेवढे नुसते बघा."

ध्यानाविषयीचे शेकडो लेख आजवर प्रसिद्ध झाले आहेत. परंतु त्या एका वाक्यात जे सांगितले गेले ते अनेकदा त्यांतून निसटते. श्वासावरील ध्यान म्हणजे श्वासाचा व्यायाम नव्हे आणि मन कोरे करण्याची कसरतही नव्हे. हा फरक न कळल्यामुळेच मोठ्या उत्साहाने ध्यानास बसणारी माणसे चौथ्या-पाचव्या दिवशी 'हे आपल्याला जमणारे नाही' असे म्हणून उठतात. प्रत्यक्षात ज्याला ते अपयश समजतात, तोच या साधनेचा गाभा असतो. तो कसा, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न.

मन भटकते, कारण ते मन आहे

मनाच्या चंचलतेची तक्रार आजची नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन श्रीकृष्णाला सांगतो, की मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके अवघड आहे. श्रीकृष्ण ही तक्रार नाकारीत नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मन चंचल आहे हे मान्य करूनच ते अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगतात. त्याच अध्यायात त्याआधी, मन जिथे जिथे भरकटेल तिथून तिथून त्याला परत आणावे, असाही उपदेश येतो. म्हणजे भरकटणे गृहीतच धरलेले आहे. शिकवण आहे ती परत आणण्याची. समर्थ रामदासांनाही मनाशी बोलण्यासाठी दोनशे पाच श्लोक लिहावे लागले, यातच काय ते आले.

आधुनिक मेंदूविज्ञानही वेगळ्या वाटेने याच जागी येऊन पोहोचले आहे. माणूस काहीच करीत नसतो तेव्हा मेंदू विश्रांती घेत असेल, असा पूर्वी समज होता. अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञ मार्कस रेचल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलेल्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. बाहेरचे काम हाती नसते तेव्हा मेंदूतील काही ठरावीक भाग एकत्रितपणे सक्रिय असतात. गतकाळाची उजळणी, उद्याची जुळवाजुळव, 'लोक मला काय म्हणतील' याचा विचार हे सारे या जाळ्याशी निगडित असल्याचे पुढील अभ्यासांतून दिसून आले. थोडक्यात, मन भटकणे हा बिघाड नाही. ती मेंदूची मोकळ्या वेळातील नेहमीची वहिवाट आहे.

मात्र या वहिवाटीची किंमत मोजावी लागते. हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी सुमारे २,२५० प्रौढ व्यक्तींना दिवसभरात अधूनमधून मोबाईलवर विचारले, की तुम्ही आता काय करीत आहात, तुमचे लक्ष त्याच कामात आहे की दुसरीकडे, आणि तुम्हाला कसे वाटते आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की जवळजवळ ४७ टक्के वेळा माणसाचे मन हातातील कामावर नव्हतेच. लक्ष कामात असताना माणसे जितकी सुखी होती, त्यापेक्षा मन भरकटलेले असताना ती कमी सुखी होती. मन सुखद विषयाकडे भरकटले असले, तरी त्यामुळे सुखात भर पडली नव्हती.

श्वासच का निवडला?

मनाला परत आणायचे तर कुठे, हा पुढचा प्रश्न. दिव्याची ज्योत, मूर्ती, नामजप, ओंकार असे कितीतरी आधार आपल्या परंपरेत सांगितले आहेत. त्यांत श्वासाचे स्थान वेगळे आहे, ते काही व्यावहारिक कारणांमुळे.

पहिले कारण म्हणजे तो सदैव जवळ असतो. निरोगी प्रौढ माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. त्यासाठी माळ लागत नाही, देवघर लागत नाही, लोकलच्या डब्यात बसायला जागा मिळाली नाही तरी चालते. दुसरे म्हणजे श्वासाला जात, धर्म आणि भाषा नाही. तिसरे कारण अधिक महत्त्वाचे. श्वास नेहमी 'आत्ता'च चालू असतो. कालचा श्वास घेता येत नाही आणि उद्याचा आज घेऊन ठेवता येत नाही. त्यामुळे लक्ष श्वासावर आले, की ते आपोआप वर्तमानात येते.

चौथे कारण शरीरशास्त्राचे आहे. हृदयाचे ठोके, पचन, घाम येणे ही कामे आपल्या इच्छेवर चालत नाहीत. हात उचलणे, बोलणे ही कामे इच्छेने होतात. श्वास मात्र या दोन्ही घरांत नांदतो. झोपेत तो आपला आपण चालतो आणि मनात आणले तर क्षणभर रोखताही येतो. शरीराच्या स्वयंचलित कारभारात डोकावण्याची ती एक खिडकी आहे, असे म्हणता येईल.

हा कारभार स्वायत्त मज्जासंस्था पाहते. तिच्या दोन शाखा आहेत. संकटाच्या वेळी हृदयाची गती वाढविणारी, स्नायूंना सज्ज करणारी ती अनुकंपी शाखा. आणि संकट सरल्यावर शरीराला विसावा देणारी, पचनास चालना देणारी ती परानुकंपी शाखा. या दुसऱ्या शाखेचा मुख्य दुवा म्हणजे मेंदूच्या तळापासून हृदय, फुप्फुसे आणि पोटापर्यंत जाणारा व्हेगस हा मज्जातंतू. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडतो तेव्हा किंचित मंदावतात. मनगटावरील नाडीवर बोट ठेवून शांत बसल्यास काहींना हा फरक स्वतःलाही जाणवू शकतो. उच्छ्वास संथ आणि लांब झाला, की विसाव्याच्या शाखेला अधिक वाव मिळतो, तो असा.

श्वासाची लय ठरविणारे केंद्र मेंदूच्या देठात असते. अमेरिकी शास्त्रज्ञ जॅक फेल्डमन यांच्या गटाने १९९१ साली त्या मज्जापेशींचा नेमका समूह शोधून काढला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका संशोधनात २०१७ साली असे दिसून आले, की या केंद्रातील पेशींचा एक छोटा गट मेंदूला सावध आणि उत्तेजित ठेवणाऱ्या भागाशी थेट जोडलेला आहे. उंदरांमधील या पेशी निकामी केल्या, तेव्हा त्यांचा श्वास चालूच राहिला, पण ते नेहमीपेक्षा शांत झाले. हा प्रयोग उंदरांवरील असल्याने माणसाबाबत लगेच निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. परंतु 'श्वास शांत, तर मन शांत' या अनुभवामागे शरीरातील प्रत्यक्ष रचना असू शकते, हे त्यातून दिसते.

प्राणायाम आणि आनापान

येथे एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. आपल्याकडे श्वास म्हटला, की पहिला शब्द आठवतो तो प्राणायाम. पतंजलींच्या अष्टांगयोगात प्राणायाम हे चौथे अंग आहे आणि ध्यान हे सातवे. दोन्हींना वेगळी पायरी दिलेली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. प्राणायामात श्वासाची गती, लांबी, रोखण्याचा काळ यांत जाणीवपूर्वक बदल केला जातो. त्यासाठी नियम आहेत, मार्गदर्शकाची गरज आहे. महाराष्ट्राला याची मोठी परंपरा लाभली आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण यंत्रासारख्या साधनांनी तपासण्यास आरंभ केला. 'योगमीमांसा' हे संशोधनाला वाहिलेले नियतकालिकही त्याच वर्षी सुरू झाले.

आनापान ही याहून निराळी रीत आहे. पाली भाषेत 'आन' म्हणजे आत येणारा श्वास आणि 'अपान' म्हणजे बाहेर जाणारा. या दोहोंविषयीची सजगता ती आनापानसति. मज्झिम निकायातील आनापानसति सुत्तात ती सोळा पायऱ्यांनी सांगितली आहे. आरंभीची शिकवण अगदी साधी आहे: श्वास दीर्घ असेल तर तो दीर्घ आहे हे जाणायचे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचे. आखूड श्वास दीर्घ करावा, असे तेथे म्हटलेले नाही. प्राणायामात साधक श्वासाला घडवितो. आनापानात तो श्वासाला फक्त पाहतो. रुग्णालयातील त्या गृहस्थांनी सांगितले ते नेमके हेच होते. घाबरलेल्या अवस्थेत जोरजोराने घेतलेल्या श्वासांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि चक्कर येते, हात-पाय मुंग्या आल्यासारखे वाटतात. ते शांतीचे नव्हे, अतिश्वसनाचे लक्षण असते.

इगतपुरीची वाट

मराठी माणसाला 'आनापान' हा शब्द परिचित झाला तो मुख्यत्वे इगतपुरीमुळे. ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, मंडाले येथे १९२४ साली एका भारतीय व्यापारी कुटुंबात जन्मलेले सत्यनारायण गोयंका तीव्र अर्धशिशीने त्रस्त होते. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते; ते ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते आणि सरकारी नोकरी सांभाळून विपश्यना शिकवीत असत. त्यांच्याकडे शिकून गोयंका १९६९ साली भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. १९७६ पासून इगतपुरीच्या 'धम्मगिरी'वर शिबिरे भरू लागली. गोयंका यांचे २०१३ साली मुंबईत निधन झाले. परंतु नाशिक रस्त्यावरून जाणाऱ्यांना डोंगराच्या कुशीतील तो सोनेरी शिखराचा पॅगोडा आजही दिसतो.

तेथील दहा दिवसांच्या शिबिरातील दिनक्रम कडक असतो. पहाटे चार वाजता घंटा होते, दिवसाकाठी सुमारे दहा तास ध्यान असते आणि बोलण्यास मनाई असते. शुल्क आकारले जात नाही. पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर सारा खर्च चालतो. या दहांपैकी पहिले तीन दिवस केवळ आनापानाला दिलेले असतात. नाकपुड्यांशी आणि वरच्या ओठाच्या वरील लहानशा त्रिकोणी जागेत श्वासाचा जो स्पर्श होतो, तेवढाच पाहत राहायचा. तीन दिवस, रोज दहा तास आणि विषय एकच! यावरून या पायरीला किती महत्त्व दिले आहे, याची कल्पना येईल. शरीरातील संवेदनांचे निरीक्षण, म्हणजे प्रत्यक्ष विपश्यना, त्यानंतर शिकविली जाते.

ही साधना आश्रमापुरती राहिली नाही. किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात सुमारे एक हजार कैद्यांचे शिबिर झाले. महाराष्ट्रातील शाळांतून 'मित्र उपक्रम' या नावाने विद्यार्थ्यांना दिवसातून काही मिनिटे आनापान शिकविण्याचा प्रयत्नही झाला आहे. मात्र श्वास पाहण्यासाठी दहा दिवस घर सोडलेच पाहिजे, असे नाही. सुरुवात घरातल्या सतरंजीवरही करता येते.

बसावे कसे?

जागा शक्यतो एकच असावी आणि वेळही. पहाटे किंवा रात्रीच्या जेवणापूर्वी दहा मिनिटे पुरेत. पोट तुडुंब भरलेले असताना बसल्यास डुलकी लागते. सतरंजीवर मांडी घालून बसावे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसावे, त्याने साधनेत काही उणे येत नाही. पाठ ताठ असावी, पण ताणलेली नसावी. हात मांडीवर सैल सोडावेत, डोळे मिटावेत, ओठ अलगद मिटलेले असावेत. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. वेळ कळण्यासाठी घड्याळाचा गजर लावावा, म्हणजे मधून मधून डोळे उघडून पाहावे लागत नाही.

आता लक्ष नाकपुड्यांच्या दारापाशी आणावे. श्वास आत येताना किंचित गार लागतो, बाहेर जाताना किंचित उबदार. तो उजव्या नाकपुडीतून जातो की डावीतून, की दोन्हींतून? उथळ आहे की खोल? जसा असेल तसा असू द्यावा. दाराशी उभा असलेला पहारेकरी येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतो. त्यांच्यामागे घरात किंवा रस्त्याने चालू लागत नाही. आपले लक्ष त्या पहारेकऱ्यासारखे असावे. नाकाशी स्पर्श जाणवत नसेल, तर पहिले दोन-तीन श्वास किंचित जोराने घेऊन पाहावेत आणि स्पर्श कळला, की पुन्हा नैसर्गिक श्वासावर यावे.

यानंतर जे घडते ते सर्वांच्याच बाबतीत घडते. चार-पाच श्वास होतात न होतात तोच मन निघून जाते. विजेचे बिल भरायचे राहिले. कार्यालयात तो असे का म्हणाला? दूध फ्रीजमध्ये ठेवले का? बऱ्याच वेळाने एकदम ध्यानात येते, की अरे, आपण तर श्वास पाहत होतो!

हा क्षण मौल्यवान आहे. येथेच बहुतेक जण स्वतःवर चिडतात. 'पुन्हा भरकटलो' असे म्हणून कपाळाला आठ्या घालतात आणि त्या चिडण्यातच आणखी दोन मिनिटे जातात. वास्तविक मन गेले तेव्हा आपल्याला ते कळलेच नव्हते. कळले ते आता. म्हणजे हा क्षण झोपेचा नसून जागे होण्याचा आहे. कोणतीही टीका न करता, रांगत उंबऱ्याबाहेर गेलेल्या मुलाला आई जशी उचलून आत आणते, तसे लक्ष श्वासावर आणावे. दहा मिनिटांत तीस वेळा मन गेले आणि तीस वेळा परत आणले, तर ते दहा मिनिटांचे अपयश नव्हे. ती तीस वेळची तालीम आहे.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने नेमके हेच तपासले होते. चौदा अनुभवी साधकांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात श्वासावर ध्यान करण्यास सांगितले आणि मन भटकल्याचे लक्षात येताच कळ दाबण्याची सूचना दिली. भटकणे, भटकल्याचे कळणे, लक्ष परत वळविणे आणि ते टिकविणे या चार अवस्थांत मेंदूचे वेगवेगळे भाग सक्रिय झाल्याचे आढळले. अनुभवी साधकांचेही मन भटकत होते, ही गोष्ट नवशिक्याला धीर देणारी आहे. ध्यान म्हणजे या चार अवस्थांचे सतत फिरणारे चक्र होय. चौथी अवस्था तेवढी ध्यान आणि पहिली म्हणजे चूक, असे नव्हे.

वाटेतील अडथळे

झोप येणे हा पहिला अडथळा. डुलकी येऊ लागल्यास डोळे किंचित उघडावेत, पाठ सरळ करावी, तरीही न जमल्यास उभे राहून काही श्वास पाहावेत. रात्रीची झोपच अपुरी असेल, तर शरीर ध्यानाच्या नावाखाली आपले येणे वसूल करीत असते; तेथे झोपणे हाच उपाय होय.

दुसरा अडथळा खाज, मुंग्या, पाठदुखी यांचा. लगेच हात हलविण्यापूर्वी ती संवेदना दोन-तीन श्वासांपुरती पाहावी. बहुतेकदा ती आपोआप ओसरते. असह्य वेदना मात्र सहन करीत बसू नये. सावकाश स्थिती बदलावी.

तिसरा अडथळा अपेक्षेचा. कालच्या बैठकीत फार शांत वाटले, म्हणून आजही तसेच वाटले पाहिजे, असा हट्ट धरला की श्वास बाजूला राहतो आणि मन कालच्या शांतीमागे धावू लागते. एखादा दिवस निवांत जातो, एखादा कोलाहलाचा. दोन्ही दिवशी काम एकच असते.

श्वासाकडे पाहू लागताच तो कृत्रिम होतो, अशीही अनेकांची तक्रार असते. हे साहजिक आहे. कोणी पाहते आहे असे कळल्यावर आपली चालही बदलते. काही दिवसांत श्वासाला या पाहण्याची सवय होते. तोवर सोडलेल्या श्वासांची एकापासून दहापर्यंत मोजणी करण्याचा आधार घेता येतो. ती कुबडी आहे एवढे ध्यानात ठेवावे; चालता येऊ लागले, की ती बाजूला ठेवावी.

काय मिळते, काय मिळत नाही

ध्यानाने अमुक रोग बरा होतो, तमुक व्याधी पळते, असे दावे जागोजागी ऐकू येतात. त्यांकडे सावधपणे पाहावे. 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ध्यानाविषयीच्या ४७ चाचण्या आणि त्यांतील ३,५१५ सहभागी यांचा विचार करण्यात आला होता. सजगतेवर आधारित ध्यानामुळे चिंता, नैराश्य आणि वेदना यांत अल्प ते मध्यम सुधारणा होते, याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. मात्र औषधे, व्यायाम किंवा अन्य मानसोपचार यांहून ध्यान सरस आहे, असे आढळले नाही. याचा सरळ अर्थ असा, की ध्यान उपयुक्त आहे, चमत्कार नाही. रक्तदाबाची, मधुमेहाची अथवा मानसिक आजाराची औषधे ध्यानाच्या भरवशावर बंद करणे हा आत्मघातकी निर्णय ठरू शकतो.

दुसरी बाजूही सांगणे कर्तव्य आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे आठ टक्के लोकांना चिंता वाढणे, खिन्नता येणे यांसारखे त्रास जाणवल्याचे दिसून आले. ज्यांना तीव्र मानसिक आजार झालेला आहे, ज्यांनी मोठा आघात सोसला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दीर्घ मौनशिबिरांना जाऊ नये. दमा असलेल्या किंवा भीतीचे झटके येणाऱ्या काहींना श्वासाकडे लक्ष देताच गुदमरल्यासारखे होते. त्यांनी श्वासाचा हट्ट सोडून जमिनीला टेकलेल्या तळपायांवर किंवा कानावर येणाऱ्या आवाजांवर लक्ष ठेवावे. मन परत आणण्याचा सराव तेथेही होतो. मन अगदीच हाताबाहेर जात असेल, तर एकट्याने झुंजत बसू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा २०२२ साली सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येते.

मग दहा मिनिटे डोळे मिटून बसल्याने हाती लागते तरी काय? परिस्थिती बदलत नाही. बिल तेवढेच असते, वरिष्ठ तसेच असतात, आजार आपल्या गतीने जातो. बदलते ते एवढेच, की विचार येणे आणि त्याच्यामागे फरफटत जाणे यांच्यामध्ये थोडी जागा निर्माण होते. राग आला आहे हे तोंडातून शब्द जाण्यापूर्वी कळू लागते. भीती वाटते आहे, पण जिची भीती वाटते ती गोष्ट अजून घडलेली नाही, हे दिसू लागते.

त्या रात्री बाकावर बसून वीस-पंचवीस मिनिटे श्वास पाहिला. मन किती वेळा अतिदक्षता विभागाच्या दारातून आत गेले, याची गणती नाही. तितक्याच वेळा ते नाकपुड्यांपाशी परत आणले. भीती गेली नाही. पण तिच्या शेजारी बसता येऊ लागले. पहाटे डॉक्टर बाहेर आले. ते काय सांगत आहेत हे नीट ऐकू आले, विचारायचे होते ते दोन प्रश्न विचारता आले आणि आईला दूरध्वनीवर ते सारे न अडखळता सांगता आले. आदल्या दिवशी याच डॉक्टरांनी सांगितलेले एक वाक्यही ध्यानात राहिले नव्हते.

दार उघडले तेव्हा शेजारचे गृहस्थ डोळे मिटूनच बसले होते. त्यांचेही कोणीतरी आत होते. नाव विचारायचे राहून गेले.